शंकासमाधान : लहेरीपुऱ्याहून पाणीगेट, मांडवीवरून

गेल्या अंकातील टिपणात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते : "क्वांटम संगणकाच्या प्रोग्रामचे कंपायलिंग आता बहुतांशी आपोआप होते." कंपायलिंग म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला करता येतील अशा क्रियांत उतरवणे; ते करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. माझ्या त्या एका वाक्यावर इतकी पत्रे येतील अशी कल्पना नव्हती. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. चार बडोद्यातील आहेत आणि एक इंदूरहून आलेले आहे. दुसऱ्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण खरा गुंता तेथेच आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात फोरट्रानमधील प्रोग्राम पंच कार्डांवर उतरवून ते चालवलेले आहेत, तेव्हा कंपायलर ही वस्तू मला नवी नाही. माझी नात दिवाळीच्या सुट्टीत घरी आली असता म्हणाली, "आजोबा, आमचा गट क्वांटम कंपायलर स्वयंचलित करण्यावर काम करतो." कंपायलर तर आपोआपच चालतो. मग त्यात स्वयंचलित करण्यासारखे उरले काय?
– एक निवृत्त अभियंता, दांडिया बाजार

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्याच तरुणपणात सापडते. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० ही कंपायलरची पहिली पायरी बांधली आणि जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएममध्ये तयार केलेला फोरट्रान १९५७ मध्ये बाहेर पडला. त्या वेळी मुरलेल्या प्रोग्रामरांचा आक्षेप असा होता की, हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेइतका चपळ प्रोग्राम यंत्राला लिहिता येणारच नाही, आणि म्हणूनच बॅकस यांच्या चमूची बरीचशी मेहनत भाषा ठरवण्यापेक्षा यंत्राकडून निघणारा प्रोग्राम आटोपशीर करण्यात गेली. क्वांटम संगणक आज त्याच टप्प्यावर आहे. आयबीएमने २०१६ मध्ये ५ क्यूबिटांचे (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) यंत्र इंटरनेटवरून सर्वांना खुले केले, तेव्हा कोणता क्यूबिट कोठे ठेवायचा आणि कोणती क्रिया आधी करायची हे माणूस पडद्यावर बोटाने सरकवून ठरवू शकत होता. त्याच कंपनीने २०२१ मध्ये १२७ क्यूबिटांची चिप तयार केली. तिच्यावरचे काम असे हाताने करू म्हणणारा मला तरी भेटलेला नाही.

मात्र आपल्या फोरट्रानच्या कंपायलरला जी मोकळीक होती ती येथे नाही. रजिस्टरमध्ये, म्हणजे हिशेबाच्या अगदी हाताशी असलेल्या मोजक्या खणांत, जागा उरली नाही तर तो संख्या मेमरीत ठेवून देई आणि लागेल तेव्हा तिची नक्कल परत आणी. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. त्यामुळे क्यूबिट फक्त हलवता येतो, त्याची प्रत ठेवता येत नाही. शिवाय मधल्या हिशेबासाठी वापरलेली कच्ची पाटी पुसून टाकण्याचीही सोय नाही. ती नुसती पुसली तर उरलेल्या क्यूबिटांशी असलेला तिचा संबंध निकाल बिघडवतो, म्हणून केलेला हिशेब उलट्या क्रमाने करत तिला पुन्हा शून्यावर आणावे लागते. चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्येच उलटवता येणाऱ्या गणनेसाठी ही रीत मांडली होती. ती प्रोग्राममध्ये स्वतः लिहायची म्हणजे जिना चढताना प्रत्येक पायरी वहीत टिपून ठेवून त्याच पायऱ्यांनी उतरायचे. झुरिकच्या ईटीएच संस्थेत तयार झालेली सिल्क ही भाषा २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ही उतरण कंपायलरवर सोपवणे हेच तिचे वैशिष्ट्य. आपली नात स्वयंचलित म्हणते ते बहुधा या प्रकारच्या कामांना.

आणखी एक भेद सांगते. बडोदे संस्थानाने सयाजीराव महाराजांच्या काळात राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश काढला होता. त्यात एका शब्दासमोर अनेक भाषांतील प्रतिशब्द मिळतात. कंपायलरचे काम असे कोश उघडून शब्दाला शब्द ठेवण्याचे असते, तर ते केव्हाच संपले असते. येथे शब्द सापडणे सोपे आहे, वाक्य बसवणे कठीण आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्विस्किट या आयबीएमच्या क्वांटम प्रोग्रामिंगच्या साधनात एकच सर्किट, एकच यंत्र निवडून मी लागोपाठ तीनदा ट्रान्सपाइल केले, तर तिन्ही वेळा दोन क्यूबिटांच्या गेटांची संख्या वेगळी आली. यंत्राला तेच काम दिल्यावर उत्तर बदलते कसे? मैत्रीण म्हणते की, हा क्वांटमचा अनिश्चितपणा आहे. मला ते पटत नाही.
– एक विद्यार्थिनी, वाघोडिया रोड

उत्तर : आपल्याला पटत नाही हे योग्यच आहे. ट्रान्सपाइल म्हणजे सर्किट, अर्थात क्यूबिटांवरील क्रियांचा क्रम, निवडलेल्या यंत्राला चालेल अशा रूपात बदलणे. ते करताना क्वांटम यंत्र चालतच नाही. ते काम साध्या संगणकावर होते. फरक कोठून येतो हे कळण्यासाठी एक लहान उदाहरण शेवटापर्यंत करून पाहू. त्याआधी एक गल्लत टाळली पाहिजे. बडोदेकराला गेट म्हटले की पाणीगेट किंवा गेंडीगेट आठवते, पण येथे गेट म्हणजे जागा नव्हे, तर क्यूबिटवर केलेली क्रिया.

आपल्याजवळ अ, ब आणि क असे तीन क्यूबिट आहेत, तिघेही शून्यावर. अ-वर हॅडमार्ड गेट लावले, म्हणजे तो मोजला असता ० किंवा १ येण्याची शक्यता सारखी झाली, मग अ-कडून ब-वर आणि अ-कडून क-वर एकेक सीनॉट लावले. सीनॉट म्हणजे पहिला क्यूबिट १ असेल तर दुसरा उलटवणे. याने तयार होणारी अवस्था मोजली असता तिन्ही ० किंवा तिन्ही १ येतात, निम्म्या वेळा हे आणि निम्म्या वेळा ते. कागदावर दोन सीनॉट लागले.

आता यंत्राकडे वळू. समजा, यंत्रात एका ओळीत तीनच जागा आहेत. त्यांना जुन्या शहरातली नावे देऊ : पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, मध्ये मांडवी, पूर्वेला पाणीगेट. सीनॉट फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लागते. पोळांमधल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमधल्या, गल्ल्या सोडल्या तर लहेरीपुऱ्याहून पाणीगेटला जाणारा मांडवी ओलांडल्याशिवाय पोचत नाही; अतिसंवाहक चिपवरही असेच आहे. आयबीएमच्या षट्कोनी जाळीत एका क्यूबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी असतात.

भोळा कंपायलर अ-ला लहेरीपुऱ्यावर, ब-ला मांडवीवर आणि क-ला पाणीगेटवर बसवील. पहिले सीनॉट शेजाऱ्यांत आहे, ते लागले. दुसऱ्यासाठी अ आणि क दूर आहेत, म्हणून अ आणि ब यांची अदलाबदल करावी लागेल. या अदलाबदलीला स्वॅप म्हणतात आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट. एक, तीन आणि पुन्हा एक असे एकूण पाच झाले. कागदावर दोन होते. नाकापेक्षा मोती जड झाला.

थोडा सजग कंपायलर पाहतो की, स्वॅपमधील पहिले सीनॉट अ-कडून ब-वर घेता येते आणि त्याच्या लगेच आधी नेमके तेच सीनॉट आहे. लागोपाठची दोन सारखी सीनॉट एकमेकांना खोडून काढतात. पाचाचे तीन झाले.

त्याहून शहाणा कंपायलर मुळात अ-लाच मांडवीवर बसवतो. मग ब आणि क दोघेही त्याचे शेजारी, स्वॅपची गरजच नाही, आणि आकडा दोनवर आला. चौथा मार्गही आहे : बसण्याची जागा न बदलता दुसरे सीनॉट अ-कडून न लावता ब-कडून क-वर लावायचे. पहिल्या सीनॉटनंतर ब-मध्ये अ-सारखेच मूल्य आलेले असते, त्यामुळे निकाल तोच मिळतो आणि याही वेळी दोनच लागतात. पण सावध राहा. ब सुरुवातीला शून्यावर होता म्हणूनच हे चालले. ब १ वर असता, तर सीनॉटनंतर त्याचे मूल्य अ-च्या उलट झाले असते आणि क चुकीच्या वेळी उलटला असता. कंपायलरला सुरुवातीची अवस्था ठाऊक असेल तरच हा मार्ग त्याला मोकळा आहे. मोठ्या प्रोग्रामच्या मधल्या तुकड्यात तो तसे गृहीत धरू शकत नाही.

या आकड्यांना वजन का आहे, हेही पाहा. समजुतीपुरते धरू की एका सीनॉटमध्ये चूक होण्याची शक्यता अर्धा टक्का आहे. पाच सीनॉटमध्ये ती अडीच टक्क्यांजवळ जाते, दोनमध्ये एका टक्क्याजवळ राहते. तीन क्यूबिटांचा हा खेळ आहे म्हणून निभावते. शेकडो सीनॉटच्या सर्किटात हाच फरक निकाल आणि गोंगाट यांच्यातला फरक ठरतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. तीन क्यूबिट तीन जागी सहा प्रकारे बसतात; सगळे तपासून उत्तम तो निवडला की झाले. दहा क्यूबिट दहा जागी ३६,२८,८०० प्रकारे बसतात. वीस क्यूबिटांसाठी हा आकडा २४ वर १७ शून्ये यांच्या घरात जातो, आणि जागा निवडल्यावर स्वॅप कोठे घालायचे हा प्रश्न वेगळाच राहतो. सर्वांत कमी स्वॅपांची मांडणी शोधणे हे गणिताच्या भाषेत एनपी-हार्ड आहे, म्हणजे ते नेहमी झटपट सोडवण्याची रीत कोणालाही ठाऊक नाही, म्हणून कंपायलर नेमके उत्तर सोडून चांगले उत्तर शोधतो. क्विस्किट ज्या सेबर पद्धतीवर विसंबते ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती क्यूबिटांना आधी वाटेल तसे बसवते, प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालत स्वॅप घालते, शेवटी जी बैठक उरते तेथून तोच प्रोग्राम उलटा चालते, आणि असे मागे-पुढे केल्यावर हाती आलेली बैठक खऱ्या कामाला घेते. चालताना प्रत्येक पावलावर ती पाहते की, कोणता स्वॅप केला असता लगेच लागणाऱ्या आणि थोड्या पुढच्या गेटांमधील अंतर एकंदरीत कमी होईल. "वाटेल तसे बसवते" या शब्दांतच आपले उत्तर आहे. ती बैठक यादृच्छिक संख्येवरून ठरते. त्या संख्येचे बीज, म्हणजे सीड, आपण दिले नाही तर दर वेळी नवे येते आणि वाट बदलते.

तेव्हा सीड ठरवून द्या. सर्किट दर वेळी तेच येईल. त्याहून बरे म्हणजे वीस-पंचवीस सीड घालून पाहा आणि त्यांतले सर्वोत्तम ठेवा. सर्वोत्तम कशाला म्हणायचे, हे मात्र कंपायलर आपल्याला सांगणार नाही. दोन क्यूबिटांची गेटे कमीत कमी हवीत, की सर्किटाचे थर कमी हवेत, म्हणजे ते लवकर संपेल आणि क्यूबिट विरण्याआधी मोजणी होईल? दोन्ही आकडे नेहमी बरोबर उतरत नाहीत. शिवाय चिपवरचा प्रत्येक सांधा, म्हणजे दोन शेजारी क्यूबिटांमधला जोड, सारखा नसतो. सांध्यांच्या चुकांचे प्रमाण पुन्हा पुन्हा मोजून जाहीर केले जाते, आणि आज चांगला असलेला सांधा उद्या तसाच राहील असे नाही. रस्ता खणलेला असला की आपण चांपानेर दरवाजाकडून वळसा घेतोच. त्याचप्रमाणे दोन स्वॅप जास्त घालून चांगल्या सांध्यांवरून गेलेले सर्किट कधी कधी जवळच्या वाटेने गेलेल्या सर्किटापेक्षा बरे उतरते. स्वयंचलित यंत्रणा आपण सांगितलेला आकडा कमी करते. कोणता आकडा, हे विद्यार्थी बहुतेक वेळा सांगतच नाहीत आणि मग कंपायलरला बोल लावतात, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता एक सांगते : क्विस्किट निकालाची ओळ छापते तेव्हा शून्य क्रमांकाचा क्यूबिट उजव्या टोकाला असतो. कंपायलरने क्यूबिट उलटेसुलटे केले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ओळ डावीकडून वाचलेली असते.

प्रश्न : मी शाळेत गणित शिकवतो. क्वांटम संगणकात हव्या त्या कोनातून फिरवण्याची क्रिया "तंतोतंत करता येत नाही, जवळपास करतात" असे वाचले. पंचेचाळीस अंशांच्या पटीत नसलेला कोन मग काढतात कसा? आणि त्यासाठी यंत्राची बुद्धी वापरतात हे खरे का?
– एक शिक्षक, कारेलीबाग

उत्तर : आजच्या यंत्रांवर हवा तो कोन देता येतो, अर्थात यंत्राच्या अचूकतेपुरता. आपण वाचलेली अडचण चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या पुढच्या यंत्रांची आहे. त्यांत माहिती अनेक क्यूबिटांत पसरून जपलेली असते आणि त्या कवचाआडून मोजक्याच क्रिया सुरक्षितपणे करता येतात. त्यांतली टी नावाची क्रिया पंचेचाळीस अंशांतून फिरवते. ती फार महाग आहे, कारण तिच्यासाठी खास अवस्था वेगळ्या गाळून शुद्ध कराव्या लागतात. ही रीत ब्राव्ही आणि कितायेव यांनी २००५ मध्ये मांडली.

आपण वर्गात पृथ्वीगोल घेऊन हे दाखवू शकता. गोल एका आसाभोवती पंचेचाळीस अंश फिरवा, मग पहिल्याशी काटकोनात असलेली दुसरी आस घ्या आणि पुन्हा पंचेचाळीस अंश फिरवा. दोहोंचा मिळून जो एक फेरा होतो, त्याचा कोन पूर्ण वर्तुळाच्या कोणत्याही पूर्णांकी भागात बसत नाही. असा फेरा पुन्हा पुन्हा दिला की हव्या त्या कोनाच्या हवे तेवढे जवळ जाता येते. सोलोव्हे आणि कितायेव यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १९९० च्या दशकात दाखवले की, यासाठी लागणाऱ्या क्रियांची संख्या अचूकता वाढवताना फारच सावकाश वाढते. रॉस आणि सेलिंजर यांच्या २०१४ च्या पद्धतीने एका आसाभोवतीच्या फेऱ्याला एकेक दशांश स्थळ वाढवण्यासाठी साधारण दहा टी गेट पुरतात. म्हणजे दहा स्थळांपर्यंतच्या अचूकतेला शंभराच्या आसपास. आपण २ चे वर्गमूळ दशांशांत लिहितो तसेच हे आहे, फक्त येथे प्रत्येक अंकाची किंमत मोजावी लागते.

यंत्राच्या बुद्धीबद्दल ऐकलेले खरे आहे. टोफोली नावाच्या तीन क्यूबिटांच्या क्रियेला नेहमीच्या रीतीने सात टी गेट लागतात. अशा क्रियांनी भरलेल्या सर्किटातील टी गेटांची संख्या कमी करण्याचा प्रश्न घनाकार संख्यापटाचे तुकडे पाडण्याच्या प्रश्नात बदलता येतो, आणि हे तुकडे पाडणे एखाद्या खेळासारखे शिकवता येते. गूगल डीपमाइंडच्या अल्फाटेन्सर-क्वांटमने ते केले. हे काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सांत क्षेत्रांतील, म्हणजे मोजक्याच संख्या असलेल्या संख्याव्यवस्थांतील, गुणाकारासाठी त्या यंत्रणेला कारात्सुबाच्या गुणाकारासारखी युक्ती स्वतः सापडली. चार गुणाकारांऐवजी तीनांत भागवण्याची ती युक्ती आपण जाणत असालच.

प्रश्न : हे सर्व घरी करून पाहायचे तर काय विकत घ्यावे लागेल?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काहीही नाही. क्विस्किट, गूगलचे सर्क आणि क्वांटिन्युअमचे टीकेट ही साधने मोफत मिळतात, आणि कंपायलिंगचा सर्व भाग साध्या लॅपटॉपवर चालतो. पायथॉन थोडेफार येत असावे.

प्रश्न : मी बँकेत लेखापरीक्षक होतो. कंपायलरने सर्किट उलटेपालटे करून दिले, तर ते मूळ प्रोग्रामशी जुळते याची सही कोण करतो? कागद पाहून तर कळणार नाही.
– एक निवृत्त लेखापरीक्षक, रावपुरा

उत्तर : खरे आहे, पाहून कळत नाही. लहान सर्किट साध्या संगणकावर पूर्ण चालवून पाहता येते, पण ३० क्यूबिटांच्या अवस्थेत १०७ कोटींहून अधिक संख्या असतात, त्यांना १६ गिगाबाइट मेमरी लागते, आणि पुढचा प्रत्येक क्यूबिट ही गरज दुप्पट करतो. दोन सर्किटे सारखी आहेत का, हा प्रश्न सर्वसाधारण रूपात इतका कठीण आहे की, क्वांटम संगणकालाही तो झटपट सुटेल अशी अपेक्षा नाही.

व्यवहारात मात्र एक रीत चालते आणि ती आपल्या धंद्यातली वाटेल. क्वांटम गेट उलटवता येते. म्हणून मूळ सर्किट घ्यावे, त्यापुढे कंपाइल केलेले सर्किट उलटे जोडावे आणि दोन्ही बाजूंची गेटे मधून बाहेर एकेक करून एकमेकांविरुद्ध खोडत जावीत. जमा आणि खर्च जुळून काहीही शिल्लक उरले नाही, तर दोन्ही एकच आहेत. कंपायलरने बैठक बदलली असेल, तर तिची नोंद हाताशी हवी. नाहीतर बरोबर सर्किटही चुकीचे ठरते.

दुसरा मार्ग प्रत्येक व्हाउचर तपासण्याऐवजी पद्धतच तपासण्याचा आहे. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांच्या व्हॉक या साधनात सर्किट लहान करण्याच्या नियमांची सिद्धता कॉक या सिद्धता-तपासनिसाकडून पडताळून घेतलेली आहे. ते काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नियम सिद्ध असले की त्यांतून निघालेल्या प्रत्येक सर्किटावर वेगळी सही लागत नाही. मात्र मूळ प्रोग्रामच चुकला असेल, तर त्या चुकीचे भाषांतर हे साधन अगदी बिनचूक करील. शिवाय वर शिक्षकांना दिलेल्या उत्तरातला कोन जेथे जवळपास काढलेला असतो तेथे शिल्लक शून्य येणारच नाही. किती फरक चालेल, हे आधी लिहून ठेवावे लागते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक नोंदवही ठेवायला लावते. तिच्या प्रत्येक ओळीत कंपायलरची आवृत्ती, सीड, ट्रान्सपाइलची पातळी, यंत्राच्या मोजमापाची तारीख, मान्य केलेला फरक आणि शेवटची बैठक लिहायची असते. आपल्याला ही पाने तपासायची इच्छा असेल तर संपादकांकडे कळवावे. चार वह्या पाठवून देते.